हुकाची सवय

कुवेतला चौदा वर्षं इमारतींना परांच्या बांधल्या आणि माझ्या हाताखालचा एकही माणूस पडू दिला नाही, एवढीच माझी कमाई. बाकी गुडघे गेले, केस गेले. २००८ साली दुबईला कामगार पाठवणाऱ्या एका एजंटाने कसालला बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यात वर्ग काढला. परांची बांधणं, पत्र्याच्या चौकटी, जिप्समच्या भिंती, सगळं महिनाभरात हाताने करून शिकायचं. तिथे त्याने मला मास्तर म्हणून उभं केलं. पुस्तक नाही, फळा नाही. लोखंडी पाईप, फळ्या आणि माझं तोंड. तय्यब मास्तरचं तोंड बाजारापर्यंत ऐकू येतं असं लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

दत्ताराम तारकर्लीहून पहिल्या एसटीने यायचा. तिशी ओलांडलेला, जन्म होडीवर गेलेला. ट्रॉलरवाल्यांनी किनारा खरवडून नेला, जाळ्यात काही लागेना, तेव्हा त्याच्या बायकोने, सुभद्राने, त्याला इकडे धाडला. "दुबय गावली काय पोरांका बरे दिवस येतले," हे तो दिवसातून दहादा बोलायचा. उंचीची भीती त्याला नव्हती, आणि गाठ अशी मारायचा की मीच बघत राहायचो. खोड एकच. कमरेच्या पट्ट्याचा हुक परांचीला अडकवायचाच नाही. हा वीस फुटांवर उभा आणि हुक खाली लोंबतोय.

"तुका काय पंख फुटले रे?" मी खालून ओरडायचो.

"भाई, होडयेर कोण सोताक बांधून घेता? उलाटली तर माणूस सुटाक होयो. बापाशीन पयली गजाल तीच शिकवलेली."

"ही होडी न्हय. हयसून पडलंस तर खाली पाणी नाय, फरशी आसा!"

मान हलवायचा आणि पुन्हा विसरायचा. मी नियम केला, हुक विसरेल त्याने संध्याकाळी शेड झाडायची. दत्तारामने ओळीने दहा दिवस शेड झाडली. पुढे पुढे हुक लावायला लागला, तर निराळंच दिसलं. मी मुद्दाम खालून पाईप हलवला की त्याचा हात आधी हुकाकडे जायचा आणि हुक सोडून मोकळा व्हायचा. भीती वाटली की सुटायचं, हे त्याच्या हाडात होतं. मला तो निव्वळ मूर्खपणा वाटला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," मी सगळ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले, तोही हसला.

वर्गाच्या एकोणिसाव्या दिवशी त्याचा पाय फळीवरून सुटला. नशिबाने हुक लावलेला होता. खाली येण्याऐवजी तो मधेच लटकला, झोळीतल्या पोरासारखा. आम्ही खाली उतरवला तेव्हा त्याच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. "भाई, माका धरल्यान ह्येना," पट्ट्यावर हात फिरवत तो म्हणाला.

त्यानंतर तो पार बदलला. मी कितीही पाईप हलवला तरी हात हुकावर जायचा तो हुक घट्ट बसलाय का ते बघायला. मी त्याला डोळे बांधून वर चढवला, मागून अचानक ओरडलो, तरी तेच. मला इतका आनंद झाला की परीक्षेत तो पहिला आला तेव्हा कुवेतचा माझा स्वतःचा पट्टा मी त्याला दिला. "ह्यो तुका कधी सोडूचो नाय," म्हणालो.

डिसेंबरात एजंटाचा फोन आला. दुबईची कामं थांबली, व्हिसा रद्द. मग एजंटच दिसेनासा झाला. शेडला कुलूप लागलं, जिप्समच्या फळ्या आत ओल धरून फुगल्या. दत्ताराम मात्र दर आठवड्याला फोन करायचा. "भाई, काय कळला?" मला कळलेलं सगळं होतं. पण त्या माणसाने बॅग भरून दारामागे ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. "येतला बोलावणा," मी म्हणायचो. "तोवर हाताची सवय मोडू नको." चौदा वर्षं खरं बोललो नसेन एवढ्या जोरात मी ते खोटं बोलायचो.

शेवटी तो बाळा तांडेलाच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. पट्टा बांधून. जाळं ओढायला उभा राहिला की हुक आडव्या लाकडाला अडकवायचा. बाकीचे हसायचे, बाळा शिव्या घालायचा. हा म्हणायचा, सवय जाता कामा नये, भाईन सांगल्यान हा.

२००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. त्या दिवशी बाळा, दत्ताराम आणि आणखी एक खलाशी, असे तिघं पाण्यात होते. दोघं पोहून किनाऱ्याला लागले. दुसऱ्या दिवशी होडी उपडी होऊन वाळूवर आली, आणि दत्ताराम तिच्यासोबत आला. हुक कोणाला निघेना, शेवटी पट्टा कोयतीने कापावा लागला.

बाळाने मला दत्तारामच्या दारातच गाठलं. "होडी कलाटली तेवा मिया आराडलंय, दत्ता, उडी मार! तेचो हात हुकार गेलो. माका वाटला, सोडता. तर तेना दाबून बगल्यान, घट्ट आसा काय नाय ता."

मी आत गेलो. दारामागे ती बॅग तशीच होती. सुभद्रा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर कापलेला पट्टा. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिने मान वर केली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "भाई, लावूक शिकवलास. सोडूक नाय शिकवलास?"

सोडायला त्याला यायचं. बापाकडून शिकून आला होता. ते विसरायला लावायला मला एकोणीस दिवस लागले होते.

जित्याची खोड मी जिवंतपणीच घालवली होती.