कुंपणाचा पहिला पॅनेल

मे महिन्यात अग्निशमन खात्याचा माणूस कॉलनीतली घरं बघायला आला, तेव्हा रोशनी एकटीच बाहेर आली. सॅक्रॅमेंटोच्या पूर्वेला डोंगरउतारावर वसलेली ही कॉलनी. मागे ओकची झाडं आणि उन्हाळ्यात वाळून पिवळं पडणारं गवत. त्या माणसाने छत बघितलं, हवेच्या जाळ्या बघितल्या आणि सगळं ठीक आहे म्हणाला. मग तो घराच्या बाजूला गेला. तिथे देवदाराच्या फळ्यांचं कुंपण थेट भिंतीला येऊन टेकलं होतं. त्याने तिथे हात ठेवला.

"आग तुमच्या घरापर्यंत येईल ती इथून," तो म्हणाला. "ठिणगी कुंपणाच्या बुडाशी साठलेल्या पानांत पडते. मग लाकूड पेटत पेटत भिंतीपर्यंत येतं."

म्हणजे दिव्याची वात, रोशनीच्या मनात आलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपण दिसलं की तिची नजर भिंतीला टेकलेल्या त्या फळीवर जायची.

तिच्या नवऱ्याला, आयुषला, ती काळजी जरा जास्तच वाटत होती. "बदलू ना," तो म्हणाला. "व्हिनाइलचं लावू. पांढरं, नीट, रंग द्यायला नको. शेजाऱ्यांचं तेच आहे."

"प्लास्टिकच ते."

"लाकूड तर नाही ना, यार."

रोशनी हॉस्पिटलमध्ये श्वसनविकाराच्या विभागात काम करायची. मागच्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यात आग लागली होती, तेव्हा धुराने फुप्फुसं भाजलेली माणसं तिने सांभाळली होती. ती वाद घालत बसली नाही. दुकानातून व्हिनाइलचा एक तुकडा, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळीचा एक आणि स्टीलचा एक असे नमुने घेऊन आली. रविवारी अंगणातला ग्रिल पेटवून तिने ते चिमट्याने एकेक करून जाळावर धरले.

व्हिनाइल मेणासारखं वाकलं, मग त्याचे थेंब खाली पडले. वास इतका उग्र होता की नागपूरहून चार महिन्यांसाठी आलेल्या कांताबाईंनी, म्हणजे आयुषच्या आईंनी, नाकाला पदर लावला. मिश्र फळीने पेट घ्यायला वेळ लावला, पण जाळावरून काढल्यावरही ती आतून धुमसत राहिली. स्टील नुसतं तापलं.

"बस, कळलं," आयुष म्हणाला. "स्टीलचं लावू."

पण कॉलनीच्या असोसिएशनला नव्या कुंपणाचा रंग पसंत पडायला उन्हाळा निम्मा सरला, आणि काम करणाऱ्याला सप्टेंबरच्या आधी वेळ नव्हता. भिंतीजवळचा पहिला पॅनेल, म्हणजे दोन खांबांमधला फळ्यांचा तुकडा, तरी आत्ताच काढून टाकू, असं रोशनी दोनदा म्हणाली. "आता आलंच की नवीन," म्हणून आयुषने ते पुढे ढकललं. ऑगस्टच्या शेवटी तो कामासाठी दूर पूर्व किनाऱ्यावर हर्नडनला गेला.

त्या दिवशी सकाळपासूनच वारा सुटला होता. तारांच्या ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून वीज कंपनीने वीज बंद केली होती. दुपारी जेवणं झाल्यावर कांताबाईंना जळाल्याचा वास आला. रोशनी बाहेर गेली. डोंगरामागे तपकिरी धूर वर चढत होता आणि सूर्य तांबड्या टिकलीसारखा दिसत होता. फोनवर इशारा आला, तयार राहा. निघायचा हुकूम अजून नव्हता.

तिने पासपोर्ट, कांताबाईंची औषधं आणि पाणी गाडीत टाकलं. कांताबाईंनी भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर साडीत गुंडाळून बरोबर घेतली. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यांना गाडीत बसवायलाच वेळ गेला. दार लावून रोशनी वळली, तेव्हा तिच्या हातावर राखेची पापडी पडली. अजून कोमट होती.

त्याच क्षणी तिची नजर कुंपणाकडे गेली.

आता निघायला हवं, हे तिला कळत होतं. तरी ती गॅरेजमध्ये शिरली आणि आयुषची हातकरवत घेऊन आली. पॅनेल भिंतीला नुसता टेकलेला होता, पुढच्या खांबाला मात्र आडव्या पट्ट्यांनी जोडलेला होता. वरची पट्टी कापली गेली. मधलीत करवत अडकली. वाऱ्याने डोळ्यांत धूळ जात होती, तळहाताची साल निघाली. कुठूनतरी भोंगा वाजायला लागला.

"काय करून राहिली तू?" कांताबाई काठी टेकत तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. "चल ना, पोरी. फोन वाजून राहिला तुझा."

"आई, गाडीत बसा. झालंच हे."

"मी नाही बसत एकटी."

शेवटची पट्टी कापली नाही, दोघींनी ओढल्यावर ती मोडली. पॅनेल अंगणात दूर फरपटत नेऊन टाकला. भिंत आणि उरलेलं कुंपण यांच्यात मोकळी जागा झाली. रोशनीने पायाने तिथली पानं सारली. मग फोन बघितला. निघायचा हुकूम येऊन बराच वेळ झाला होता.

कॉलनीतून खाली जायला एकच रस्ता. वळणावर पोचल्यावर पुढे नुसते लाल दिवे दिसले. गाड्या जागच्या जागी उभ्या. दुपारी तीनलाच अंधारून आलं होतं. उजव्या हाताचा उतार पेटलेला होता, आणि आगीचा आवाज येत होता. रोशनीला वाटलं होतं, आग तडतडते. ही आगगाडीसारखी धडधडत होती. ठिणग्या बॉनेटवर पडून काचेवर सरपटत वर येत होत्या. खिडकीची काच हाताला पोळली.

आयुषचा फोन आला. "कुठे आहात? टीव्हीवर आपला रस्ता दाखवतायत."

"रस्त्यावरच आहोत."

"एवढा वेळ काय केलंत?"

तिने फोन सीटवर ठेवला. तिकडून तो "रोशनी, रोशनी" म्हणत होता. कांताबाई डोळे मिटून हलक्या आवाजात म्हणत होत्या, "बुद्धं सरणं गच्छामि". मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. रोशनीने ओढणी भिजवून त्यांच्या तोंडावर धरली. त्यांचा श्वास किती उथळ झालाय, हे तिच्या हाताला कळत होतं. हॉस्पिटलात तिने असे श्वास मोजले होते. माझ्यामुळे, तिच्या मनात आलं. एका फळीसाठी.

समोरून हातात टॉर्च घेतलेला एक पोलीस पळत आला आणि हातवारे करून गाड्यांना रस्त्याच्या दुसऱ्या, वर येणाऱ्यांच्या रिकाम्या बाजूला घालू लागला. रांग हलली. रोशनीने गाडी त्या बाजूला घेतली. एका ठिकाणी दोन्ही बाजूंनी झाडं जळत होती. तिने वेग कमी केला नाही. खालच्या पुलापाशी पोचल्यावर आपल्या तोंडातून रडल्यासारखा आवाज येतोय, हे तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

कांताबाईंना दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आयुष मिळेल त्या विमानाने परत आला. आठवड्याने कॉलनीत जायची परवानगी मिळाली. पांढऱ्या कुंपणाच्या शेजाऱ्यांच्या जागी फक्त धुराडं उभं होतं. यांचं देवदाराचं कुंपण मागच्या टोकापासून जळत आलं होतं आणि मोकळ्या जागेपाशी येऊन थांबलं होतं. भिंत थोडी काळवंडली होती. घर उभं होतं.

आयुषने फोटो काढून मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकला. "रोशनीने घर वाचवलं," असं खाली लिहिलं. पार्सिपनीपासून नेपरव्हिलपर्यंत, देशभरातून सगळ्यांचे निरोप येत राहिले. रोशनीने एकालाही उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी तिने आयुषला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. हुकूम कधी आला, फोन वाजत असताना ती काय करत होती, आईंचा श्वास कसा झाला होता. "तो पॅनेल मी तू म्हणालीस तेव्हाच काढायला हवा होता," आयुष म्हणाला. मग त्याने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला.

कांताबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांचा आवाज अजून घोगराच होता.

"घर वाचलं, बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पण मी आगीला भ्याली नाही रोशनी, तुला भ्याली. तू करवत चालवत होती ना, मी गाडीतून तीनदा हाक मारली. तू वळून पाह्यलंच नाही. काहून? मला वाटलं, ही आता येतच नाही."

रोशनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. आपल्याला एकही हाक ऐकू आली नव्हती, हे तिने सांगितलं. कांताबाईंनी तिचा सोललेला तळहात हातात घेतला.

स्टीलचं कुंपण ऑक्टोबरमध्ये लागलं. भिंतीपासून पाच फुटांत आता फक्त खडी आहे. तरी दुपारी वारा सुटला की रोशनी हातातलं काम टाकून बाहेर येते, डोंगराकडे बघते आणि नाकाने हवा ओढून घेते. तिचं आणि आयुषचं एक ठरलंय. पहिला इशारा आला की निघायचं, हुकमाची वाट बघायची नाही आणि घराकडे वळून बघायचं नाही. वळून न बघणं आपल्याच्याने होईल की नाही, याची तिला अजून खात्री वाटत नाही.