‘अन’ लिहिलेला चिमटा

मी चिमटा बोलतोय. केसांतला नव्हे, दोरीवर कपडे धरून ठेवणारा. लाकडी, पोटात तारेची स्प्रिंग असलेला. हसलात? हसा. आजवर वाऱ्याला माझ्याकडून साधा रुमालसुद्धा नेता आलेला नाही. तुमच्या हसण्याने माझी पकड सैल होईल असं समजू नका.

कारखान्यात मला ठोकून ठाकून तयार केलं, भावंडांबरोबर एका पुठ्ठ्यावर बसवलं आणि दुकानात टांगलं. तिथून मला वहिनीने घरी आणलं. वहिनी लॉन्ड्रीत आतल्या खोलीत इस्त्री करते. मालकापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

दिवसभर वाफेत उभं राहून वहिनीचे पाय सुजायचे. पण पायांपेक्षा तिला दुसरंच दुखायचं. तिने कडक केलेल्या कॉलरचं कौतुक काउंटरवरची मुलगी ऐकायची. वहिनीच्या वाट्याला फक्त पुढचा गठ्ठा. ती मुलगी नोकरी सोडून निघाली, तेव्हा वहिनीने मालकांकडे काउंटर मागितलं. मालक गोड बोलणारे. म्हणाले, काउंटरवर इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं येतात, तुमचा हात इस्त्रीवर बसलाय, तिथेच शोभता. तोंडाला पानं पुसायची तर अशी गोडीनेच पुसतात. वहिनी म्हणाली, महिनाभर थांबा, मग माझी परीक्षा घ्या. दुसरं कोणी मिळत नव्हतं म्हणून मालक हो म्हणाले.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने शब्द लिहून दिले. वहिनीचं म्हणजे रात्री पाठ, सकाळी सपाट. बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता ती पुटपुटायची, ‘लॉक, अनलॉक, फोल्ड, अनफोल्ड,’ आणि मोजे धरून उभा असलेला मी कंटाळून जायचो.

सासूबाई तिथेच घड्या घालत बसलेल्या. इंग्रजीशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता. त्या म्हणाल्या, “यात पाठ काय करायचंय? ओळखी, अनोळखी. हजर, गैरहजर. लायक, नालायक. मागचा माणूस तोच, पुढचा मुकादम तेवढा बदलतो.”

वहिनी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती लॉन्ड्रीतून शर्टाच्या घडीत घालायचे पुठ्ठे घेऊन आली. त्यांवर शब्द लिहून ते दोरीला लटकवले आणि कपड्यांवर खुणा करायच्या पक्क्या शाईने आम्हा चिमट्यांवर मुकादमांची नावं घातली. माझ्यावर आलं ‘अन’. भावांवर री, डिस, मिस आणि प्री.

भावांबद्दल खरं तेच सांगतो. री म्हणजे चिकट, एकदा धुतलेलं पुन्हा धुवायला लावणारा. मिस वेंधळा, त्याच्या हाती दिलेली वस्तू हरवलीच म्हणून समजा. प्री आगाऊ, सगळ्यांच्या आधी हजर. डिस सदा रुसलेला, त्याने रंगाला हात लावला की रंग उडालाच. आणि मी? मी पुढे उभा राहिलो की शब्दाला तोंड फिरवावंच लागतं. लोकांना हो म्हणायची सवय लागलेली असते. कोणीतरी नाही म्हणणारा नको का?

वहिनी आम्हाला उचलून कुठल्याही पुठ्ठ्याला लावायची. एकदा तिने मला ‘सॅड’च्या पुढे लावलं. लेक हसली. म्हणाली, “आई, अनहॅपी चालतं. अनसॅड असं कोणी म्हणत नाही.”

“का म्हणत नाही?” वहिनीने विचारलं.

“म्हणत नाहीत, बस,” लेक म्हणाली. मला ते आजवर पटलेलं नाही. पण त्याच दिवशी लेकीने मला माझे चुलतभाऊ सांगितले, इन, इम आणि इर. काम माझंच, नाही म्हणण्याचं. फक्त प्रत्येकाला आपापली दारं ठरवून दिलेली. इर हा ‘र’च्या दारात उभा राहतो.

परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी मला दोरीवरून काढून सुनेच्या एप्रनला लावलं. “असू दे. घाबरलीस तर याला हात लाव,” म्हणाल्या. असा मी पहिल्यांदा कामावर गेलो.

सकाळ बरी गेली. मालक बाजूला खुर्ची टाकून ऐकत होते. अनपेड, रीवॉश, मिसप्लेस, ओळखीची मंडळी येत गेली आणि वहिनी अडखळत का होईना, त्यांना उत्तरं देत गेली. मग एक बाई जुना मखमली कोट घेऊन आली. इंग्रजीत भराभर बोलत होती. कोट तिच्या आईचा, आई आता नाही, उद्या समारंभात तिला तो घालायचाय, म्हणून आजच्या आज ड्रायक्लीनिंगच्या मशीनमधून काढून हवा. शेवटी ती म्हणाली, इट इज इररिप्लेसेबल.

एवढा लांबलचक शब्द दोरीवर कधी आला नव्हता. वहिनीचा हात माझ्यावर आला. तिचे ओठ हलत होते. इर म्हणजे नाही. री म्हणजे पुन्हा. प्लेस म्हणजे जागा. याच्या जागी पुन्हा दुसरा येणार नाही.

तिने कोट उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवलं. अस्तर विरलं होतं आणि काचेचे मणी डिंकाने चिकटवलेले होते. मशीनच्या औषधात ते सगळं वाहून गेलं असतं. वहिनीने कोट घडी करून परत दिला. “नो मशीन,” ती म्हणाली. “इररिप्लेसेबल.” मग मऊ ब्रश आणि सावलीतला वारा, एवढंच करायचं, हे तिने हातांनी करून दाखवलं. बाईने कोट छातीशी धरला, थँक यू म्हणाली आणि गेली.

मालक उठले. गोडी संपली होती. “दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता? तातडीचं काम होतं. जा, आत जा, गठ्ठा पडलाय.”

“नाही,” वहिनी म्हणाली.

इतकी वर्षं तिने या दुकानात हा शब्द उच्चारला नव्हता. तिचा आवाज कापत होता, पण पाय जागचे हलले नाहीत. “ती काय म्हणाली ते मला समजलं. समजल्यावर तो कोट मशीनमध्ये घालणं मला जमणार नाही. काढायचं तर कामावरून काढा. आत मी जाणार नाही.”

दारात पुढचं गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मालकांना तिथे भांडण वाढवता येईना. गठ्ठा तर आत वाट बघत होता. शेवटी तेच आत गेले. थोड्या वेळाने जळका वास आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कॉलर भाजलेला शर्ट होता. “उद्यापासून आतल्या कामाला माणूस बघतो,” ते म्हणाले. “पण गिऱ्हाईक परत पाठवायचं असेल तर आधी मला विचारायचं.”

“विचारीन,” वहिनी म्हणाली. “पण पाठवायचं असेल तर पाठवीनच.”

आता मी काउंटरवरच असतो. माझी स्प्रिंग गंजलीय, एका पायाला चीर गेलीय. लेकीने रंगीत प्लास्टिकचे चिमटे आणलेत आणि मला फेकायचा विषय अधूनमधून निघतो. निघू दे. फेकलात तर जिथे पडेन तिथलं काहीतरी धरून ठेवीन. जाता जाता तुम्हाला एकच सांगतो. तोंडावर कोणी भला मोठा शब्द फेकला तर मान खाली घालू नका. आधी त्याचा मुकादम ओळखा, मग त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघा. आणि अर्थ कळल्यावर जर नाही म्हणायची पाळी आली, तर सरळ नाही म्हणा. आवाज कापला तर कापू दे.