खव्याची कढई आणि काळी बियर

मित्रांनो, मी बेंबळी गावची एक जुनी लोखंडी कढई आहे. नळदुर्गच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि तुळजाबाईच्या वडिलांनी बैलगाडीत उताणी घालून मला घरी आणले. तेव्हापासून किती म्हशींचे दूध माझ्या पोटात आटले, ते मलाही सांगता यायचे नाही. तुळजाबाईचा हात उलथन्यावर असा फिरे की, दुधाला करपायची हिंमत होत नसे. खवा काढला की तळाशी तांबूस खरवड उरे. तिच्यावर गूळ टाकून ती पुन्हा परतायची. आळीतली पोरे वाट्या घेऊन बसत. तुळजाबाईचा धाकटा भाऊ महारुद्र सर्वांत पुढे.

पुढे दूध डेअरीच्या गाडीत जाऊ लागले. मी गोठ्यात पालथी पडले. कोंबड्यांना बसायला बरी जागा झाली.

मग एकदा महारुद्रची लेक सोनाली पुण्याहून आली. ती तिथे बियर बनवते. भाजलेल्या जवाच्या काळ्याभोर बियरला स्टाउट म्हणतात. तिला आपल्या स्टाउटमध्ये खरवडीची चव उतरवायची होती. विकतचे चॉकलेट घालून झाले, पण ते तिला पटेना.

महारुद्रला मात्र लेकीच्या कामाची लाज वाटे. शेजारच्या रेवणप्पाने कुंपणावरून विचारलेच, "पोरगी काय करती वो पुण्याला?"

"कंपनीत हाय," महारुद्र म्हणाला आणि म्हशीकडे वळला.

सोनाली दारातच होती. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

तरी लेकीला कढई हवी म्हटल्यावर त्यानेच मला उचलले. विटेच्या चुऱ्याने सकाळभर घासले. मी लखलखले! तुळजाबाईने कपाळावर हात मारला.

"आरं येड्या, तिच्या अंगात मुरलेलं समदं तूप काढलंस की!"

"अक्का, लेकीसाठी स्वच्छ केली न्हवं का?"

"आता दुधाला लोखंड लागंल. बघच तू."

तसेच झाले. पहिले दूध काळपट पडले आणि म्हशीच्या आंबोणात गेले. तुळजाबाई रागावली नाही. तिने मला तापवले, तूप चोळले, निववले, पुन्हा तापवले. मी परत काळी झाले. दुसऱ्या दिवशी असा खवा उतरला म्हणता! त्याची गुळातली खरवड डब्यात भरून सोनालीने पुण्याला नेली.

थंडीत सोनाली खरवड घातलेल्या स्टाउटची बाटली घेऊन आली. स्टीलच्या पेल्यात बियर ओतली, तसा काळ्या रंगावर बदामी फेस आला. तुळजाबाईने नुसता वास घेतला. "म्या काय पिणार न्हाय. पर वास आपल्याच चुलीचा हाय गं."

सोनालीने पेला वडिलांपुढे धरला. "आबा, एकच घोट. न्हाय आवडली तर परत घरात नाव काढणार न्हाय."

महारुद्रने भिंतीकडे तोंड करून घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"आधी कडू लागती... मग गूळ येतो..." तो तुळजाबाईकडे वळला. "अन् गिळल्यावर खरवड. अक्का, तुझी खरवड!"

एवढ्यात कुंपणावरून रेवणप्पाचे डोके वर आले. "कसला वास सुटलाय वो? काढा केलाय का?"

सोनालीने पटकन बाटली पदराआड घेतली. महारुद्रने ती ओढून काढली आणि उंच धरली.

"बियर हाय! माझ्या लेकीनं केलीय. पुण्यातली लोकं मागून मागून पितेत."

"आन् आमाला सांगता आत्ता?" रेवणप्पा कुंपण ओलांडत म्हणाला. "खाट तरी टाका!"

सोनाली खाट आणायला आत गेली, ती डोळे पुसूनच बाहेर आली.

मित्रांनो, स्टाउट मोठ्या माणसांची. तुमचा वाटा खरवडीचा, आणि तो कमी नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी पालथी पडली असेल, तर तिला चकचकीत करून फळीवर मांडू नका. आम्हाला नुसत्या शोभेने जीव येत नाही. चूल पेटवा आणि दूध ओता.