रायफलीवरचं कुंकू

बाबा जुन्या टूथब्रशने रायफलीवरचं कुंकू काढत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरलेला, त्यावर रायफल आडवी, आणि चष्मा नाकावर घसरलेले बाबा दाताच्या डॉक्टरसारखे तिच्यावर ओणवे झालेले. लाकडी दस्त्यावर अकरा दसऱ्यांचं कुंकू होतं. वरवरचं निघालं, पण लाकडाच्या रेषांमध्ये मुरलेलं काही केल्या हलेना.

"लीव्ह इट, बाबा," मी म्हटलं. "दे आर गोइंग टू क्रश इट एनीवे."

"शेजारचा डबा परत देताना आई घासून देते की नाही?"

"रिकामा नाही देत ती."

"मग काय, गोळ्या भरून देऊ?"

आम्ही दोघं हसलो. आतल्या खोलीत आईने व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला. सकाळपासून तिने ती खोली तिसऱ्यांदा साफ करायला घेतली होती.

डोंगरावरच्या रानबकऱ्या मारणं हे बाबांचं काम. या बकऱ्या जंगलातलं उगवणारं प्रत्येक रोप ओरबाडून खातात, म्हणून त्यांना मारायला इथे पगारी माणसं असतात. पुण्यात दमयंतीआत्या सगळ्यांना सांगते, आमचा प्रमोद पर्यावरणात आहे. शेतीचा डिप्लोमा करायला म्हणून आलेले बाबा पर्यावरणात शिरले ते असे, आणि गेली अकरा वर्षं आमच्या अप्पर हट गावामागचे डोंगर त्यांना आमच्या घरातल्या खोल्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. दसऱ्याला पाटावर आईचा लॅपटॉप, माझा कॅल्क्युलेटर, यूटची, म्हणजे बाबांच्या मागे उघड्या हौद्याच्या गाडीची किल्ली आणि मधोमध ही रायफल. ऑक्टोबरात इथे झेंडू फुललेला नसतो, म्हणून नर्सरीतून झेंडूच्या रोपांचा ट्रे आणून तो अख्खाच पाटाशेजारी ठेवायचा. फुलं जानेवारीत येतात. देव वाट बघतो.

परवाच्या मंगळवारीही तशीच पूजा झाली. नंतर बाबांनी रायफलीवर अक्षता टाकल्या आणि तिला बोटभर हलवलं. बाकी सगळ्या वस्तूंना ते पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणाले. तिला नाही म्हणाले.

मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये शुक्रवारच्या नमाजाला आलेली एक्कावन्न माणसं एका माणसाने मारली. त्यानंतर बाबांच्या रायफलीसारख्या, एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांवर बंदी आली, आणि ज्यांच्याकडे त्या होत्या त्यांनी वर्ष संपायच्या आत पोलिसांकडे जमा करायच्या असं ठरलं. मी तेव्हा शाळेत पोस्टरं रंगवली, असेंब्लीत सगळ्यांसमोर बोलले. मग घरी येऊन तेच भाषण बाबांना दिलं, दुप्पट आवाजात. घरात असली वस्तू ठेवून तुला झोप कशी लागते, असंही विचारलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे तुझं. भांडणाची सगळी मजाच गेली.

हल्ल्याच्याच आठवड्यात, बंदी यायच्या आधी, बाबा कामाला निघाले होते. डोंगराच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर कुणीतरी बघितलं की एक दाढीवाला, सावळा माणूस यूटमध्ये लांब पिशवी नीट ठेवतोय. फोन गेला. दोन गाड्या आल्या. बाबांना गुडघ्यांवर बसवलं, हात डोक्यावर. लायसन्स तपासून होईपर्यंत वीस मिनिटं. नंतर पोलीस नीट बोलले, आत्ता दिवस कसे आहेत तुम्हाला माहीतच आहे म्हणाले, आणि बाबा इथल्या लोकांसारखे, काही हरकत नाही अशा सुरात म्हणाले, स्वीट अ‍ॅज. घरी येऊन त्यांनी हा सगळा किस्सा आम्हाला हसत हसत सांगितला. कपाळाला हात लावून, गुडघे दाखवून. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाला आले तेव्हा दाढी नव्हती.

तेव्हापासून रायफल पोलादी कपाटातच पडून होती. ते कपाट माझ्या खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये आहे. किल्ली कुठे असते ते फक्त बाबांना माहीत. कायदाच तसा आहे. लहानपणापासून ते कपाटाशी गेले की मला म्हणतात, ओवी, तिकडे बघ. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. सोळा वर्षांची झाले तरी राहते.

आता गोष्ट अशी होती की बाबांना ती ठेवता आली असती. ज्यांचं पोटच त्यावर आहे त्यांना सूट मागता येत होती. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, वर्षअखेरीपर्यंत सूट आण, डोंगर तुझा. नाहीतर गोदामांच्या मागे उंदरांचे सापळे लावायचं काम. कळप पळतो, तिथे एका वेळी एक गोळी भरायची बंदूक पुरत नाही. अर्ज भरून तयार होता. ज्याच्या जमिनीवरून बाबा वर चढायचे त्या माल्कमने पत्रही लिहून दिलं होतं. ते सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून यूटच्या कप्प्यात होतं. आईचं म्हणणं एकच, ती वस्तू जाऊ दे, फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. बाबा जुलैत म्हणाले रांगा फार आहेत, ऑगस्टात म्हणाले पाऊस फार आहे, सप्टेंबरात म्हणाले दसरा होऊ दे.

शनिवारी यूट मी चालवली. मागे शिकाऊ चालकाची पिवळी एल पाटी, शेजारी बाबा, पाठीमागे बंद पिशवीत ती. इतकी सावकाश मी ड्रायव्हिंग टेस्टलासुद्धा चालवणार नाही. पोलीस बंदुका जमा करून घेत होते त्या हॉलच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली तरी बाबा उतरले नाहीत. कप्प्यातून माल्कमचं पत्र काढून वाचत बसले. मीही वाकून वाचलं. मी प्रमोदला अकरा वर्षं ओळखतो, तो विश्वासू आणि शांत माणूस आहे, त्याच्यापासून कुणाला धोका नाही.

"छान लिहिलंय," मी म्हटलं.

"छानच लिहिलंय. पण यात रायफलीबद्दल काय आहे? सगळं माझ्याबद्दल आहे." त्यांनी पत्राची घडी घातली. "हे खिशात ठेवायचं आणि प्रत्येक फाटकाशी काढून दाखवायचं. माल्कमसुद्धा हल्ली म्हणतो, यायच्या आधी फोन कर हं. अकरा वर्षांत कधी म्हणाला नव्हता."

"आय'ल कम विथ यू. मी बोलेन त्यांच्याशी."

"तू बोलशीलच. पण डोंगरावर रोज येणार आहेस का?" मग फोल्डर परत कप्प्यात टाकत म्हणाले, "कंटाळा आला गं."

ते उतरले. मार्चमधलं माझं भाषण मला अजून तोंडपाठ होतं, आणि त्यातलं एकही वाक्य आता बोलता येईना.

रांगेत बहुतेक म्हातारे, हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला घातलेले, सरकारला शिव्या देत उभे. एकाने बाबांना विचारलं, द्यायला आलायस की घ्यायला. सगळे हसले, बाबाही हसले. मग पुढचा एक उंच आजोबा मागे वळला. त्याने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, मार्चमध्ये तुमच्या लोकांचं जे झालं त्याचं फार वाईट वाटतं. त्याचे डोळे भरून आले होते. बाबा म्हणाले, "थँक यू."

आजोबा पुढे सरकल्यावर मी हळूच विचारलं, आपण मुस्लिम नाही हे का नाही सांगितलं.

"दुःख घेऊन आला होता बिचारा. ते परत कसं पाठवायचं?"

टेबलामागे एक पोलीसबाई होती. किया ओरा असा माओरीत नमस्कार केला, कागद बघितले, पिशवी उघडली आणि दस्त्यावर बोट ठेवून विचारलं, "इज दॅट ब्लड?"

बाबा सगळ्यांना सगळं समजावून सांगणारा माणूस. या देशात कुणी टिकलीबद्दल विचारलं तरी दहा मिनिटं जातात. त्या दिवशी ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मग मीच सांगितलं. की वर्षातून एकदा आम्ही ज्या वस्तूंच्या जोरावर जगतो त्यांना हळद-कुंकू लावतो, हात जोडतो. लॅपटॉपला, गाडीला. हिलासुद्धा.

"या वर्षी केलं का?" तिने बाबांना विचारलं.

"मंगळवारी."

तिने मान हलवली. बाजूच्या टेबलावर एक पोलीस बंदुका उचलून धडाधड ढीग लावत होता. या बाईने आमची रायफल दोन्ही हातांनी उचलली, स्वतः चालत मागे घेऊन गेली आणि खाली ठेवली. ठेवल्याचा आवाज आला नाही. मग परत येऊन आमची पिशवी आम्हाला दिली आणि म्हणाली, नेक्स्ट.

येताना बाबांनी मला डोंगराच्या रस्त्याने गाडी घ्यायला सांगितलं नाही. मी वळणाशी उगीचच गाडी हळू केली. ते म्हणाले, मागे गाडी आहे, चल.

घरी आई दारातच उभी होती. तिने आत जाऊन चहा टाकला. कुंकू काढलेला तो जुना टूथब्रश टोकाला लाल झाला होता, तो तिने धुऊन सिंकखाली भांड्यांच्या ब्रशांत ठेवला. फेकला नाही.

बाबा पॅसेजमध्ये गेले. पोलादी कपाट सताड उघडं होतं. त्यांनी पिशवी उलटी करून झटकली, तशा चार अक्षता फरशीवर पडल्या. त्या त्यांनी वेचल्या, शर्टाच्या खिशात टाकल्या. पिशवीची चौकोनी घडी घालून ती कपाटात ठेवली आणि दार लावलं.

"ओवी, तिकडे बघ."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे किल्ली फिरली. मग दार नीट लागलंय ना ते बघायला बाबांनी नेहमीसारखा दांडा दोनदा ओढला.