पंचफुलाबाईंची राहून गेलेली सीडी

मित्रांनो, मी एक जुना सीडी रायटर आहे. नागपूरच्या नंदनवन वस्तीत, मनोहररावांच्या कॉम्प्युटरमध्ये माझं बिऱ्हाड. बटण दाबलं की माझा ट्रे जिभेसारखा बाहेर यायचा. त्यावर कोरी सीडी ठेवा, मी किरणानं तिच्यावर गाणी, फोटो, काय म्हणाल ते लिहून देई. तेव्हा पेन ड्राइव्ह घरोघरी पोचले नव्हते, त्यामुळे माझा भाव चांगलाच वधारलेला होता. शेजारपाजारचे लग्नाचे फोटो घेऊन यायचे आणि मी हुरळून जायचो.

मनोहररावांची बायको पंचफुलाबाई. भादव्या-आश्विनात, पोरी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात त्या दिवसांत, त्या गाऊ लागल्या की गल्लीतल्या पोरी अंगणात येऊन बसत. त्या वर्षी मुलानं, पियुषनं, माइक लावून त्यांची गाणी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. त्यांची सीडी करून बुटीबोरीला नांदणाऱ्या लेकीला, हर्षाला, द्यायची होती.

मधेच दसरा आला. गावाकडे असताना या घरचे लोक शेतातल्या वखर-तिफणीची पूजा करायचे. इथे शहरात तो मान आम्हा यंत्रांना. पंचफुलाबाईंनी माझा ट्रे उघडून त्यावर कुंकवाची चिमूट सोडली. मनोहरराव हसले.

"अजी, काहून हासता? माह्यं गाणं पोरीकडे हाच तं पोचवणार आहे!" त्या म्हणाल्या.

इतक्या मायेनं मला कोणी कधी हात लावला नव्हता. पण ट्रे आत गेला आणि कुंकू उडून माझ्या भिंगावर बसलं. जुन्या सीड्या वाचायला तेवढी अंधुक नजर पुरत होती. लिहायला मात्र भिंग लख्ख लागतं.

सीडी करायची राहूनच गेली, आणि हिवाळ्यात पंचफुलाबाई तापानं गेल्या.

"दादा, मले आईचा आवाज दे," हर्षा रडत म्हणाली. पियुष कामाला लागला. सीडी अर्ध्यावर यायची आणि मी ती ओकून टाकायचो. त्यानं दुसऱ्या कंपनीच्या सीड्या आणल्या, वेग कमी केला, वायर बदलली, प्रोग्राम नव्यानं टाकला. मी वाचत होतो, म्हणून माझ्या डोळ्यांवर कोणाचा संशय गेला नाही. मला तोंड होतं, पण बोलता येत नव्हतं!

"उद्या पाहू," असं म्हणता म्हणता उन्हाळा लागला. एका दुपारी कॉम्प्युटर सुरूच होईना. धरमपेठेतून जितेंद्र मेकॅनिक आला.

"काका, हार्ड डिस्क गेली. आतलं काहीच परत येत नाही."

पियुषनं आईची गाणी फक्त तिच्यातच ठेवली होती. जितेंद्रनं जाता जाता मलाही उघडलं आणि भिंगावरून कापूस फिरवला. कापूस लाल झाला.

"थांब गा," मनोहररावांनी त्याचा हात धरला. "फेकू नको. तिच्या हातचं कुंकू आहे ते."

तो कापूस आज त्यांच्या देव्हाऱ्यात, चांदीच्या करंड्यात आहे. मी बरा झालो, नव्या डिस्कसोबत झकास लिहू लागलो. पण जे लिहायचं होतं, तेच उरलं नव्हतं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण वर्षातून एकदा आतून पुसतही चला. आणि आवडत्या माणसाचा आवाज एकाच ठिकाणी ठेवून उद्याची वाट पाहू नका. दर वर्षी भुलाबाईला हर्षा पोरींना घेऊन येते. आजीचं गाणं म्हणताना त्या मधेच अडतात. पुढचे शब्द कोणालाच आठवत नाहीत, आणि सगळं घर माझ्याकडे पाहतं.