उघड्या खांद्यांचा झगा

शी! चित्राखालची पाटी वाचली आणि तोंड कडू झालं. ‘झग्याचं रेखाटन, १९५८. चित्रकार : एकोजी राव.’ एकोजी राव म्हणजे माझे अप्पा. अहो, त्या माणसाला सरळ रेघ मारता येत नव्हती!

झगा मात्र तोच. उघडे खांदे, चिमटीत मावेल एवढी कंबर, खाली फुगलेला घेर. आमच्या मैलापूरच्या घरात, स्वयंपाकघरात फतकल मारून राजसआत्यानं काढलेला. मी तेव्हा पाच वर्षांची. घेर कसा पडतो ते बघायला तिनं मला पलंगपोस गुंडाळून उभं केलं होतं, आणि हलले की चापट! अप्पा माउंट रोडच्या एका शिंप्याकडे कारकून. बहिणीची चित्रं ते दुकानात नेत आणि आपली म्हणून खपवत.

आता प्रदर्शन मांडणाऱ्या चंद्रमौळीनं, चित्रकाराची मुलगी म्हणून दिवा लावायला मला बोलावलं होतं. मी मुद्दाम नव्वदीला टेकलेल्या आत्याला ऑटोत घालून आणलं. “तुझं नाव लागल्याशिवाय मी दिव्याला हात लावायची नाही,” असं वाटेत बजावलं. 

चित्रापुढं आत्या बराच वेळ उभी राहिली. मी चंद्रमौळीला सगळं सांगितलं. त्यानं अदबीनं तिला विचारलं, “आजी, हे तुम्ही काढलंत?”

“छे! दादाचंच ते.”

माझं डोकंच फिरलं. तिला कोपऱ्यात ओढलं. “आत्या, वेड लागलंय का तुला?”

“भंडार उचललाय गं मी,” ती पुटपुटली. “देवघरापुढं. दुकानात कळलं तर आपली अब्रू जाईल, म्हणाला दादा. हे माझं आहे असं जन्मात म्हणणार नाही, अशी खंडोबाची शपथ घ्यायला लावली. आता मरताना मोडू?”

ज्याच्या फोटोला मी रोज हार घालते, त्यानं सख्ख्या बहिणीच्या हातावर देवाची हळद ठेवून तिचं तोंड बंद केलं, आणि वाहवा स्वतः लाटली. थू त्या मोठेपणावर!

“पेन द्या हो,” मी चंद्रमौळीला हाक मारली. आत्यानं माझं मनगट धरलं.

“तू नको बोलूस,” मी म्हटलं. “मी बोलते. मला कुणी भंडार उचलायला लावला नव्हता.”

आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

“मग गोदा, इतकी वर्षं तू का गं गप्प बसलीस?”