पाण्याकाठची डिजिटल पाटी

मित्रांनो, खडूने लिहायची पाटी तुम्हाला ठाऊक असेल. मी तिची धाकटी बहीण, डिजिटल! प्लास्टिकच्या लेखणीने लिहा, माझ्या काळ्या अंगावर हिरवी अक्षरे उमटतात. खालचे बटण दाबा, क्षणात सगळे साफ. आता मी म्हातारी झाले आहे, पण ती एक शर्यत आठवली की आजही माझ्या अंगात वीज खेळते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बाया आमच्या पोटात नाण्याएवढा सेल बसवत आणि झाकण आवळत. शेवटी तपासणारी बाई प्रत्येकीवर काहीतरी लिहून पाहायची. माझ्यावर तिने 'सुट्टी कधी?' असे लिहिले, शेजारणीला दाखवले आणि पुसून टाकले.

दुकानातून मला घेतले ते पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या सुनेने. मास्तरांचा आवाज म्हणे असा होता, की तलावाच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा माणूस दचकावा. पण घशावर शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज कायमचा गेला. उरली नुसती फुसफूस. ते खिशातल्या वहीत लिहून बोलू लागले. पण तलावावर ओल्या हातांनी दोन दिवसांत वहीचा लगदा व्हायचा.

"बाबा, हिच्यावर पाणी उडालं तरी काही होत नाही," सून म्हणाली. "लिहून तर बघा!"

मास्तरांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि लिहिले, 'माझी वही कुठे ठेवलीस?'

केवढा हिरमोड झाला माझा! सून मात्र पोट धरून हसली आणि दुसऱ्या सकाळी दोरी बांधून तिने मला त्यांच्या गळ्यातच अडकवले.

तलावावर व्यवस्थापक वाटच पाहत होते. माणूस वाईट नव्हता, काळजीत होता. "मास्तर, राग मानू नका," ते म्हणाले. "शिट्टी मारून तुम्ही पोरींना थांबवाल. पण काय चुकलं ते कसं सांगणार? स्पर्धेपर्यंत बघू. नाहीच जमलं, तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

मास्तरांनी लिहिले, 'बघाच.' मला तर स्फुरणच चढले!

मुली भिंतीपाशी येऊन डोके वर काढत, तोच मी समोर हजर. 'कोपर वर.' पुसले. 'पाय ढिले सोड.' पुसले. 'गप्पा नंतर!' पुसले. तासाभरात शंभरदा!

"पूर्वी सर ओरडले की कानात पाणी गेलं म्हणायचो," एक उंच मुलगी कुरकुरली. "आता डोळ्यांत गेलं म्हणावं, तर चष्मा आहे!"

मला वहीची कीव येऊ लागली. ती बिचारी घरी टेबलावर पडलेली. कागदाचे दिवस संपले, असे मी मनाशी पक्के करून टाकले.

त्या मुलींत एक बेडकी होती. पाण्यात शिरली की बाहेर यायलाच तयार नसे, म्हणून हे नाव. चौघींच्या शर्यतीत शेवटचा टप्पा तिचा. वेग भरपूर, पण खोड एकच. पोहता पोहता मान वर काढून शेजारच्या रांगेत कोण पुढे गेले ते पाहायची आणि तेवढ्यात मागे पडायची. 'मान खाली' लिहून लिहून लेखणीचे टोक झिजले!

स्पर्धेचा दिवस उजाडला. बापरे, काय तो गोंगाट! बाकीचे मास्तर घसा फोडून ओरडत होते आणि त्यांच्या पोरींना एक अक्षर कळत नव्हते. आवाज कोणाचाच पोहोचत नव्हता. पाटी मात्र फक्त आमच्याकडे होती!

आमची तिसरी मुलगी भिंतीकडे येत होती तेव्हा आम्ही चौथे होतो. बेडकी उडीच्या फळीवर उभी. ती मास्तरांकडे वळली.

"सर, माझ्याच्याने नाही होणार."

मास्तरांनी भराभर लिहिले, 'शेजारी कोण आहे ते मी बघतो. तू फक्त तळाची काळी रेघ बघ.'

तिने वाचले, ओठ घट्ट मिटले आणि सूर मारला. मास्तरांनी बटण दाबले आणि ते काठाकाठाने पलीकडच्या टोकाला धावत सुटले! तिथे 'मान खाली' लिहून मला पाण्यावर धरले. भिंतीला हात लावून वळताना बेडकीने मला पाहिले. परतताना तिची मान एकदाही वर आली नाही. एकीला गाठले. दुसरीलाही मागे टाकले! पहिलीच्या हातभर मागे तिचा हात भिंतीला लागला. दुसरा नंबर! आमच्या तलावाला आजवर कुठलाच नंबर मिळाला नव्हता.

बेडकी निथळत आली. "सर, ते मघाचं वाक्य दाखवा ना! आई वर बसलीय, तिला दाखवायचंय."

मास्तरांनी मला पुढे केले. माझ्यावर दोनच शब्द होते, 'मान खाली'. मघाचे वाक्य पुसले गेले होते आणि मला ते काही केल्या परत आणता येईना. चटकन पुसता येते याचा मला केवढा तोरा होता! बेडकीचा चेहरा पडलेला पाहून तो सगळा उतरला.

मास्तरांनी शेजारच्या टेबलावरून एक कोरा कागद ओढला आणि पेनाने तेच वाक्य पुन्हा लिहिले. ओल्या बोटांनी एक अक्षर पसरले. बेडकीने कागद डोक्यावर उंच धरला आणि पायऱ्या चढत धूम ठोकली.

इतक्यात व्यवस्थापक धापा टाकत आले. त्यांनी तोंड उघडले, पण आवाजच फुटेना! ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, लेखणी घेतली आणि लिहिले, 'पुढच्या वर्षीही तुम्हीच!'

मास्तरांनी ते दोनदा वाचले. त्यांचे बोट बटणाकडे गेले, थबकले. मग त्यांनी खाली लिहिले, 'हेही कागदावर द्या. सहीसकट.'

दोघेही इतके हसले, पण आवाज एकाचाही नाही!

मित्रांनो, मला आपटू नका, माझी लेखणी हरवू नका. धावपळीत मला हाताशी ठेवा. मी कामाला कधीच नाही म्हणणार नाही. पण ज्या अक्षरांसाठी कोणी ओल्या अंगाने आईकडे धावत जाईल, ती कागदावर लिहा. त्याला बटण नसते.